सूर्यास्तानंतरची वेळ कोणाची?



"घर, देवदर्शन, स्वाध्याय सोडून डोंगरात पळायला जायचं आणि गाण्याच्या मैफलींना जाऊन बसायचं, हे आपल्या घरातल्या बाईला शोभतं का?" आमच्या बोरिवलीच्या महिला मंडळात हा प्रश्न हल्ली वरचेवर निघतो. कारण आमच्यातल्या पाच-सहा जणी पहाटे पळतात आणि महिन्यातून एखादी मैफल ऐकतात. मीही त्यांच्यातलीच. विचारणाऱ्या ताई टोमणा म्हणून विचारत नाहीत, काळजीने विचारतात. म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. माझं मत असं, की शोभतं, पण मर्यादा घालून. आणि त्यासाठी लागणारी वेळ कुणाकडून मागून आणायची नाही. ती आपल्या धर्मानेच आपल्याला दिलेली आहे.

कशी, ते बघा. सूर्यास्तानंतर जेवायचं नाही, हा आपला नियम. म्हणजे आपलं स्वयंपाकघर सूर्याबरोबर मिटायला हवं. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. शेजारपाजारी साडेआठला कणीक भिजवतात, तेव्हा आपला ओटा पुसून कोरडा झालेला असायला हवा. सकाळीही तसंच. नवकारशी पाळणाऱ्या घरात सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत तोंडात पाणीसुद्धा घ्यायचं नाही. चहाची घाई नाही, नाश्त्याची नाही. दिवसाची दोन्ही टोकं मोकळी. मुंबईसारख्या शहरात एवढी सवलत दुसऱ्या कुठल्या घरातल्या बाईला आहे?

पण प्रत्यक्षात काय दिसतं? वीस वर्षं रात्रिभोजन सोडलेली वहिनी रात्री साडेनऊला गॅसपाशी उभी राहून बाकीच्यांना गरम पोळ्या वाढते. नवरा लोकलने नऊला घरी पोचतो, मुलगा क्लासहून येतो. त्यांचीही अडचण खरी आहे, मी कुणाला दोष देत नाही. पण त्याग तिने केला आणि त्यातून मिळालेली वेळ मात्र घराने घेतली, हे आपण कधी मोजतच नाही. करणं, करवणं आणि अनुमोदन देणं या तिन्हींनी कर्म बांधलं जातं, असं आपण पाठशाळेत शिकलो. मग स्वतः न जेवता रात्री चूल पेटती ठेवण्याने नियम कितीसा पाळला गेला? संध्याकाळी सहाच्या आत डबा भरून ठेवावा, येणाऱ्याने तो स्वतः वाढून घ्यावा. एवढं जरी घरात ठरलं तरी निम्मं काम होतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं दिसलं, आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ८८ मिनिटं. आपली घरं या आकड्यांबाहेरची नाहीत.

आता खरा आक्षेप. शास्त्रात अनर्थदंड सांगितला आहे, म्हणजे कारण नसताना केलेली हिंसा. रत्नकरंड श्रावकाचारात आचार्य समंतभद्रांनी त्यातल्या प्रमादचर्येमध्ये निष्फळ भटकणंही धरलं आहे. कुतूहलापोटी नाच-गाणी बघत बसण्यालाही श्रावकाचाराच्या ग्रंथांत प्रमाद म्हटलेलं आहे. हे वाचलेल्या ताईंना माझं म्हणणं पटायला जड जाईल, ते साहजिक आहे. पण तिथे 'निष्फळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. जेवण झाल्यावर मालिका बघत, फोनवर बोट सरकवत रात्री अकरापर्यंत बसणं, दर सुट्टीला मॉलमध्ये चक्कर मारून गरज नसलेलं काहीतरी घेऊन येणं, हे निष्फळ नाही का? त्याबद्दल मंडळात कुणी प्रश्न विचारत नाही. कारण ते घरात बसून किंवा कुटुंबाबरोबर होतं. बाई एकटी, स्वतःच्या आनंदासाठी बाहेर पडली की मग मात्र आपल्याला शास्त्र आठवतं.

मैफलीचंच घ्या. भोग आणि उपभोग यांतला फरक आपल्याला माहीत आहे. एकदा घेतला की संपतो तो भोग, पुन्हा पुन्हा घेता येतो तो उपभोग. समोर बसून ऐकलेलं गाणं एकदाच असतं. तोच राग तोच गायक उद्या गाईल, पण आजच्यासारखा नाही. कपाटात ठेवायला काही उरत नाही, कुणाला दाखवायला काही नसतं. दोन तास एका जागी, न बोलता, एका स्वरावर लक्ष ठेवून बसायचं. सामायिकाची बरोबरी त्याला नाही, हे मलाही कळतं. पण ज्या मनाला दोन मिनिटं स्थिर बसायची सवय राहिलेली नाही, त्याला ही चांगली तालीम आहे. तबल्याला चामडं लागतं, हा प्रश्न एका काकूंनी मला विचारला होता. प्रश्न रास्त आहे. पण आपल्या पूजेत, मिरवणुकीत ढोलकी वाजते तेव्हाही तो विचारायला हवा. ज्यांना तो खटकतो त्यांनी बासरी ऐकावी. संगीतात वाटा पुष्कळ आहेत.

आणि हे संगीत आपल्याला परकं नाही. विष्णू दिगंबर पलुसकर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले. आपल्यातल्या कितीतरी जणींचं माहेर त्या शिरोळच्या पट्ट्यातच आहे. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि दरबारातलं गाणं साध्या घरांपर्यंत आणलं. घरंदाज बाईने मैफलीत बसणंही जिथे चालत नव्हतं, तिथे हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावलेल्या जलशात रंगमंचावर बसून गायला सुरुवात केली. आज आपण मुलुंडच्या कालिदासला, बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरेला किंवा पार्ल्याच्या दीनानाथला निवांत जाऊन बसतो, त्यामागे अशा माणसांचं धाडस आहे. साडेपाचला जेवून निघालं की साडेसहाची मैफल सहज गाठता येते. मध्यंतरातल्या बटाटावड्याचा आपल्याला मोह नाही, रांगही लावायची नाही. उघड्यावरच्या मैफलीत तर ध्वनिक्षेपक सहसा रात्री दहाला बंद करावा लागतो, त्यामुळे परतायला फार उशीरही होत नाही. दिवाळी पहाट तर आपल्यासाठी उत्तमच. फक्त लक्ष्मीपूजनाच्या दिवशीची नको. त्या पहाटे निर्वाण लाडू आहे, तेव्हा मंदिरातच असायचं. वसुबारसेची किंवा पाडव्याची पहाट निवडा.

आता पळण्याविषयी. ट्रेल रनिंग म्हणजे डांबरी रस्ता सोडून पायवाटेने, डोंगर-रानातून पळणं. "या वयात? साडीतल्या बायकांना हे झेपणार आहे का?" असं विचारणाऱ्यांना मी सम्मेद शिखरजीची आठवण देते. पहाटे दोन-तीनला उठून, अनवाणी, चढणीचे नऊ, वरच्या टोकांचे नऊ आणि उतरणीचे नऊ असे २७ किलोमीटर आपल्या आज्या-मावश्या साडी नेसूनच करून आल्या आहेत. डोंगर चढणारी बाई आपल्यात नवीन नाही. नवीन असेल तर एवढंच, की ती देवदर्शनाशिवायही घराबाहेर पडते आहे.

मात्र एका गोष्टीत मी पळणाऱ्यांच्या बाजूने नाही. सह्याद्रीत पावसाळी ट्रेलचं फार वेड आहे. चिखल, धुकं, धबधबे, सगळं सुंदर दिसतं. पण त्याच वाटेवर तेव्हा गोगलगायी, वाणी, गांडुळं, लहान खेकडे असतात. आपले मुनी आणि माताजी चार महिने विहार थांबवतात तो याच त्रस जीवांसाठी. ते पायी चालणंसुद्धा थांबवतात आणि आपण त्याच दिवसांत हौसेने धावत सुटायचं, हे मला पटत नाही. आषाढ ते कार्तिक आमचा गट पायवाटेवर जात नाही. या महिन्यांत आम्ही फरसबंद रस्त्यावर चालतो, घरी व्यायाम करतो. तसाही हा काळ पर्युषणाचा, दशलक्षणाचा, उपवासांचा. वाटा कोरड्या होतात ते दिवाळीनंतर, आणि मुंबईत मैफलींचा बहरही तेव्हाच असतो. ईर्या समिती मुनींची आहे, पळणारीने तिचं नाव घेऊ नये. पण पायवाटेवर नजर जमिनीवरच ठेवावी लागते, पुढची तीन-चार पावलं बघूनच पाय टाकावा लागतो. नाहीतर घोटा मुरगळतो. मुंग्यांची रांग दिसली की आम्ही चालतो, ओलांडतो, मग पुढे पळतो. वेळ वाया जातो, जाऊ दे. आम्हाला शर्यत जिंकायची नाही.

दुसरं म्हणजे जागेचा मान. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने पारसनाथ डोंगरावरच्या पर्यटनाला स्थगिती दिली, ती आपला समाज देशभर रस्त्यावर उतरला म्हणून. आमचा डोंगर सहलीची जागा नाही, असं आपण म्हणालो. मग दुसऱ्याच्या डोंगरावरही तसंच वागायला हवं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. तिथे बिबटे राहतात, आदिवासी पाडे आहेत, कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत. आतल्या पायवाटांवर परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि जाऊही नये. आम्ही उद्यानात कान्हेरीच्या रस्त्यावरच सराव करतो. पायवाट हवी असेल तेव्हा कर्जतजवळ सोंडाईसारख्या किल्ल्याकडे जातो. घाटकोपर-मुलुंडच्या मैत्रिणींना तर मध्य रेल्वेने ते सोपंच आहे.

खाण्याचं थोडं सांगते. पळणाऱ्यांसाठीच्या तयार जेलमध्ये कधी मध असतो, चघळायच्या काही गोळ्यांत जिलेटिन असतं, आणि मोठ्या ट्रेल स्पर्धांत वाटेत उकडलेले बटाटे ठेवतात. यातलं आपल्याला काहीच चालत नाही. खजूर, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की आणि घरचं उकळलेलं पाणी पुरतं. नवकारशी असेल त्या दिवशी पळणं तासाभराच्या आतच ठेवावं, अष्टमी-चतुर्दशीला उपवास असेल तर पळूच नये.

शेवटी एक सुचवते. भोगोपभोग परिमाणात आपण फळं, भाज्या, कपडे मोजतो. त्याच वहीत या दोन गोष्टीही लिहा. महिन्याला किती मैफली, आठवड्याला किती दिवस पळणं, घरापासून किती लांब, वर्षातले कोणते चार महिने बंद. लिहून ठेवलं की मन हावरं होत नाही, आणि घरच्यांनाही कळतं की एवढी वेळ हिची आहे. सासूबाईंना, मुलांना ती वही वाचून दाखवा. मग मंगळवारी संध्याकाळी सहाला ओटा पुसून तुम्ही चपला घालाल, तेव्हा "कुठे निघालीस?" असं कुणी विचारणार नाही. "किती वाजता येशील?" एवढंच विचारतील.

जय जिनेंद्र.