हिरव्या आकाशातील मनाई

सोयाबीनवर पडलेली अळी सरकारी कचेरीच्या सवडीने पाने खात नाही. बुलढाणा जिल्ह्यात खरिपाच्या ऐन हंगामात फवारणीला मजूर मिळणे मुष्किलीचे, आणि मिळालाच तर पाठीवर विषाचा पंप बांधून त्याला उभ्या पिकात उतरवावे लागते. आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, 2017 साली फवारणीच्या विषबाधेने वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले, हे आम्ही विसरलेलो नाही. ड्रोन शेतकऱ्याच्या बांधावर आला आहे तो ह्या पार्श्वभूमीवर. लग्नसमारंभात घिरट्या घालणारे खेळणे एवढीच त्याची ओळख ज्यांच्या मनात असेल, त्यांनी ती बदललेली बरी.

केंद्र सरकारने 25 ऑगस्ट 2021 रोजी जारी केलेले ड्रोन नियम उदार आहेत, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पूर्वीचे 25 अर्ज 5 वर आले आणि विमानतळाभोवतीचा निर्बंधित पट्टा 45 किलोमीटरांवरून 12 वर आणला गेला. हिरव्या आकाशात 400 फुटांपर्यंत, म्हणजे 120 मीटरपर्यंत, उड्डाणाला कोणाचीही पूर्वपरवानगी लागत नाही. पिवळ्या, म्हणजे नियंत्रित आकाशात, विमान वाहतूक नियंत्रकाची परवानगी हवी, आणि लाल आकाशात केंद्र सरकारची. विमानतळाच्या हद्दीपासून 5 ते 8 किलोमीटरांत जमिनीपासूनच पिवळा रंग सुरू होतो, 8 ते 12 किलोमीटरांत 200 फुटांच्या वर. ह्या पट्ट्यात कोणतीही ढिलाई आम्हांस नको आहे. उतरणाऱ्या विमानातील शेदोनशे जिवांपुढे कोणाच्याही धंद्याची निकड मोठी नाही. तेथे परवानगीस चार दिवस लागले तर लागोत.

पण बुलढाणा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही, आणि अकोल्याचे किंवा जळगावचे ते 12 किलोमीटर येथवर पोहोचत नाहीत. येथे नियंत्रित आकाशाचा प्रश्न येतो तो बहुधा 400 फुटांच्या वरच. लोणारची गंमत मात्र वेगळी आहे. विवराची खोली काठापासून सुमारे 137 मीटर. काठावर उभे राहून आपल्या डोक्याच्याच उंचीने ड्रोन सरळ सरोवरावर नेला, तर तो नकळत 120 मीटरांची मर्यादा ओलांडून पिवळ्या आकाशात शिरतो! अभयारण्याचे निर्बंध तर निराळेच. मोजणीदाराने हे जाणले पाहिजे. शेतातील फवारणी मात्र पिकापासून काही हातांवरून चालते. तिचा विमानांशी संबंध तो काय?

मग अडते कोठे? राज्य सरकारला व पोलिसांना एखादा भाग तात्पुरता लाल ठरविण्याचा अधिकार नियमांनी दिला आहे; परंतु एका वेळी 96 तासांपुरता, पोलीस अधीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याच्या हुकुमाने, व तोही शक्य तितक्या लहान क्षेत्रापुरता. व्यवहारात काय दिसते? मुंबईत मनाईच्या सर्वसाधारण कलमाखाली 30-30 दिवसांचे हुकूम निघतात आणि संपले की पुन्हा निघतात. राजधानीची ही रीत जिल्ह्यांनी गिरविली, तर 96 तासांची मर्यादा कागदावर शोभेपुरती उरेल.

पोलिसांची भीती खोटी आहे, असे आम्ही म्हणत नाही. 2024 च्या पावसाळ्यात शेजारच्या जालना जिल्ह्यात आणि बीड जिल्ह्यातही रात्री ड्रोन फिरत असल्याच्या वार्तांनी गावेच्या गावे जागी राहिली होती. पण रात्री टेहळणी करणारा चोर परवानगी मागायला ठाण्यात येत नाही. सरसकट मनाईने घरी बसतो तो ज्याच्या यंत्राला नोंदणी क्रमांक आहे आणि ज्याच्याजवळ चालकाचे प्रमाणपत्र आहे तोच. शिवाय ज्या केंद्र सरकारने 2023 साली 15,000 महिला बचतगटांना ड्रोन देण्यासाठी 1,261 कोटींची योजना मंजूर केली, किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत साहाय्य देऊ केले, त्याच सरकारच्या नियमाचा अर्थ ठाण्यागणिक बदलू लागला तर उरलेल्या रकमेचे हप्ते त्या भगिनींनी कशातून फेडावेत?

बुलढाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे व पोलीस अधीक्षकांकडे आमचे मागणे साधे आहे. मनाई करावयाची तर तिची हद्द आणि तास ठरवून ती केंद्राच्या ड्रोन नकाशावर चढवावी, त्याच दिवशी मराठीतून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, आणि दिवसाउजेडी आपल्या गावच्या शेतात चालणारी नोंदणीकृत फवारणी तिच्यातून वगळावी. शेगावच्या यात्रेत किंवा मोठ्या नेत्याच्या दौऱ्यात आकाश बंद ठेवण्यास आमची मुळीच हरकत नाही. मात्र शेगाव बंद असता मेहकरचे आकाश बंद राहण्याचे कारण नाही. ठाण्यातील अंमलदारास हिरवे कोणते व पिवळे कोणते हे दाखविणारा एक कागद हाती द्यावा. हे सर्व मृगाआधी उरकले पाहिजे. श्रावणात निघालेल्या खुलाशाचा पिकाला उपयोग नाही.