मॅमथ नको, कळप हवेत

सायबेरियाच्या ईशान्य टोकाला, कोलिमा नदीच्या मुखापासून थोडे अलीकडे, चेर्स्की नावाचे एक लहानसे बंदराचे गाव आहे. १८६३ च्या पोलिश उठावात भाग घेतल्याबद्दल झारशाहीने यान चेर्स्की या तरुणाला सायबेरियात हद्दपार केले होते. पुढे तो भूगर्भशास्त्रज्ञ झाला आणि १८९२ मध्ये कोलिमाच्याच शोधमोहिमेवर असताना मरण पावला. त्याचे नाव या गावाला दिलेले आहे. सोव्हिएत काळाच्या अखेरीस येथे सुमारे अकरा हजार माणसे राहत होती. आज तीन हजारही उरलेली नाहीत. आधी शासनाने आणि मग बाजाराने टाकून दिलेल्या या गावाजवळ गेली तीसहून अधिक वर्षे एक प्रयोग चालू आहे. साऱ्या जगाच्या भवितव्याशी त्याचा संबंध असल्याने समाजवादी कार्यकर्त्यांनीही त्याची दखल घ्यावयास हवी.

प्रयोगाची कल्पना साधी आहे. ज्या भूमीवरून मोठी चरणारी जनावरे हजारो वर्षांपूर्वी नाहीशी झाली, त्या भूमीवर ती पुन्हा आणावयाची आणि त्यांच्या पाठोपाठ गवताला परत येऊ द्यावयाचे. सर्गेई झिमोव या शास्त्रज्ञाने १९८८ मध्ये याकुती घोड्यांपासून आरंभ केला आणि १९९६ मध्ये कुंपण घालून ‘प्लाइस्टोसीन पार्क’ उभे केले. पुढे रेनडियर, कस्तुरीबैल, याक, बायसन, उंट अशी जनावरे टप्प्याटप्प्याने आणली गेली. आज या कामाची धुरा त्यांचे पुत्र निकिता झिमोव यांच्याकडे आहे.

हिमयुगात स्पेनपासून कॅनडापर्यंत पसरलेले एक अफाट गवताळ रान होते. मॅमथ, घोडे, बायसन आणि रेनडियर यांचे कळप त्यावर चरत आणि त्यांच्या शेणामुताने गवताला खत मिळे. सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी हे रान लयाला गेले आणि त्याच्या जागी शेवाळ, झुडपे, दलदल आणि लार्चची विरळ अरण्ये आली. माणसाने शिकार करून कळप संपविले आणि कळप संपल्यामुळे गवत संपले, असे झिमोव यांचे प्रतिपादन आहे. सर्व शास्त्रज्ञांना ते मान्य नाही. मातीतील प्राचीन डीएनए तपासून २०२१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हवामान अधिक ओले झाल्यामुळे गवत व मॅमथ संपले, असा निष्कर्ष काढला. हा वाद लवकर मिटणारा नाही. मात्र भूतकाळाविषयीचे मतभेद बाजूला ठेवले तरी वर्तमानातील प्रश्न शिल्लक राहतोच.

तो प्रश्न जमिनीखालचा आहे. उत्तर गोलार्धातील बारमाही गोठलेल्या जमिनीत, म्हणजे पर्माफ्रॉस्टमध्ये, सुमारे दीड हजार अब्ज टन कार्बन साठून राहिला आहे. आज वातावरणात जेवढा कार्बन आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट हा साठा भरतो. ही जमीन वितळू लागली की हजारो वर्षे न कुजलेली मुळे आणि पाने कुजू लागतात आणि त्यांतून कार्बन डायऑक्साइड व मिथेन बाहेर पडतो. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश पृथ्वीच्या सरासरीपेक्षा जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. वायूला सरहद्द नसते. कोलिमाच्या काठी जे सुटेल त्याची झळ उसाच्या फडातील मजुरालाही लागेल, आणि ते सुटण्यात त्या मजुराचा वाटा जवळजवळ शून्य असेल.

येथे जनावरांचे खूर काय करू शकतात? सायबेरियाच्या हिवाळ्यात हवा उणे चाळीस अंशांपर्यंत आणि त्याहूनही खाली जाते. पण भुसभुशीत हिमाचा थर जमिनीवर दुलईसारखा पसरलेला असल्याने ती थंडी मातीपर्यंत पोहोचत नाही. घोडे आणि रेनडियर हिमाखालचे गवत शोधण्यासाठी खुरांनी हा थर उकरतात, तुडवितात, दाबून टाकतात. दुलई पातळ झाली की थंडी आत शिरते आणि जमीन खोलवर गोठते. शिवाय गवताळ रान काळपट झुडपांपेक्षा फिकट असल्यामुळे सूर्यप्रकाश अधिक परतवून लावते. उन्हाळ्यात शेवाळाचा थर तुडविला गेल्याने मातीला थोडी अधिक ऊब लागते, हेही खरे आहे. पण हिवाळ्यातील थंडावा तिच्यावर मात करतो, असे आढळते.

पार्कमध्ये चौरस किलोमीटरमागे शंभर जनावरे असलेल्या भागात हिमाच्या थराची सरासरी जाडी निम्म्यावर आली. हॅम्बुर्ग विद्यापीठाचे क्रिस्टियान बेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये याच आधारावर गणित मांडले. इंधनांचा वापर असाच बेसुमार वाढत राहिला तर इ. स. २१०० पर्यंत या गोठलेल्या जमिनीचे तापमान सुमारे ३.८ अंशांनी वाढेल. पुरेशी जनावरे चरत असतील तर ही वाढ सुमारे २.१ अंशांवर रोखता येईल.

हे गणित आशादायक आहे, तथापि ते गणितच आहे. पार्कचे मुख्य कुंपण सुमारे वीस चौरस किलोमीटरचे. त्यातील जनावरे अजून शेकड्यांतच मोजावी लागतात, तर पर्माफ्रॉस्टचा विस्तार रशियाच्या सुमारे दोन तृतीयांश भूमीवर आहे. २०१० मध्ये रँगल बेटावरून कस्तुरीबैल आणले. त्यांत मादी नव्हती, म्हणून त्यांचा वंश पुढे सरकला नाही. २०१७ मध्ये याक आणण्यासाठी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागावी लागली. एका कुटुंबाच्या जिद्दीवर चाललेले हे काम जिद्दीने जेवढे वाढावयाचे तेवढेच वाढले आहे. त्याला अपुरे म्हणण्याआधी, ते एका कुटुंबावरच का सोडून दिले गेले, हे विचारले पाहिजे.

जगात पैसा नाही, असे तर नव्हेच. २०२१ मध्ये अमेरिकेत कोलोसल नावाची कंपनी स्थापन झाली. हत्तीच्या पेशींत फेरफार करून मॅमथसारखा प्राणी निर्माण करण्याची आणि २०२८ पर्यंत पहिले पिल्लू जन्माला घालण्याची घोषणा तिने केली आहे. जानेवारी २०२५ मध्ये या कंपनीचे मूल्य दहा अब्ज डॉलरहून अधिक ठरविण्यात आले. टुंड्राचे रक्षण हेही या उद्योगाचे एक उद्दिष्ट म्हणून सांगितले जाते. परंतु हत्तीणीची गर्भावस्था बावीस महिन्यांची, आणि पिल्लू वयात येण्यास दहा-बारा वर्षे लागतात. मॅमथांचे कळप तयार होईपर्यंत गोठलेली जमीन वाट पाहत थांबणार नाही. हिम तुडविण्याचे काम आज जिवंत असलेले घोडे आणि रेनडियर करू शकतात. भांडवलाला मात्र त्यांत रस नाही, कारण याकुती घोड्याचे पेटंट घेता येत नाही आणि रेनडियरच्या कळपावर शेअरबाजारात भाव चढत नाही.

भांडवलदारांवर बोट ठेवून मात्र विषय संपत नाही. या भूमीवर कळप होते आणि ते चारणारी माणसेही होती. युकागिर, एवेन, चुकची, नेनेत्स या जमाती पिढ्यान्‌पिढ्या रेनडियर घेऊन ऋतूमागून ऋतू फिरत आल्या. समाजवादाचे नाव घेणाऱ्या सोव्हिएत राजवटीने १९३० नंतर त्यांचे कळप सामुदायिक शेतांच्या दप्तरी जमा केले, मुलांना निवासी शाळांत नेले, कुटुंबांना वस्त्यांत बसविले आणि ज्याची त्याची जनावरे होती त्याला सरकारी पगारदार केले. १९९१ नंतर पगार थांबले आणि शेते मोडली. शेजारच्या चुकोत्का प्रांतात तेव्हा जवळजवळ पाच लाख रेनडियर होते. दहा वर्षांत ते एक लाखाच्या आसपास उरले. नोकरशाहीने कळप माणसांच्या हातून काढून घेतले आणि बाजाराने ते कोणाच्याच हाती राहू दिले नाहीत.

पश्चिमेकडे यामाल प्रांतात याच्या उलट चित्र दिसते. तेथे नेनेत्स पशुपालकांनी आपली भटकंती टिकविली आणि रेनडियर वाढले. त्याच भूमीत २०१२ मध्ये बोवानेन्कोवो येथील प्रचंड वायुक्षेत्र सुरू झाले. रस्ते, नळवाहिन्या आणि रेल्वेमार्ग यांनी चराऊ वाटा तोडल्या. २०१६ च्या उन्हाळ्यात असाधारण उष्णता आली, गोठलेली माती वितळली आणि अँथ्रॅक्सचा उद्रेक झाला. दोन हजारांहून अधिक रेनडियर मेले आणि बारा वर्षांचा एक मुलगा दगावला. कळपांना लस टोचण्याचे काम २००७ मध्येच बंद करण्यात आले होते. उद्रेकानंतर प्रशासनाने अडीच लाख रेनडियर कमी करण्याचा प्रस्ताव पुढे केला. कुरणांवर ताण आहे हे नाकारता येत नाही. एका जागी फार जनावरे कोंडली तर कुरण उजाड होते. पण ती कोंडली का गेली, याचे उत्तर वायुक्षेत्राच्या नकाशावर शोधावे लागते. देशाच्या एका टोकाला लोकवर्गणीतून जनावरे आणावी लागतात आणि दुसऱ्या टोकाला असलेली जनावरे शासनाला नकोशी होतात, ही विसंगती योगायोगाने घडलेली नाही.

या साऱ्याचा निष्कर्ष स्पष्ट आहे. गवताळ रानाचे पुनरुज्जीवन हे केवळ जनावरांच्या संख्येचे काम नव्हे. कोणत्या ऋतूत, कोणत्या वाटेने, किती दिवस चारावयाचे, हे ज्ञान लागते. ते ज्ञान प्रयोगशाळेबाहेर, कळपामागे चालणाऱ्या माणसांपाशी आहे. म्हणून पहिली मागणी कुरणांवरील आणि वाटांवरील त्यांच्या सामुदायिक हक्कांची असली पाहिजे. २०१२ मध्ये रशियाच्या न्याय मंत्रालयाने उत्तरेकडील आदिवासी जमातींच्या देशव्यापी संघटनेचे काम काही महिने स्थगित केले होते. ज्यांच्या संघटनेलाच शासन असे वागविते, त्यांच्या जमिनीवर उभी राहणारी कोणतीही पर्यावरण-योजना नव्या बेदखलीचे साधन होण्याचा धोका आहे.

दुसरी मागणी सार्वजनिक पैशाची आणि खुल्या विज्ञानाची. २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यानंतर पश्चिमी देशांच्या संस्थांनी रशियातील संशोधन-सहकार्य थांबविले. आक्रमणाचा निषेध झालाच पाहिजे. परंतु रशियातील केंद्रांची मापने वगळली तर आर्क्टिकचे चित्र एकांगी होते, हे २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. युद्धखोर सत्ताधाऱ्यांच्या चुकीपायी पृथ्वीचा ताप मोजणेच बंद पडावे, हे परवडणारे नाही.

तिसरी गोष्ट मागणीपेक्षाही इशाऱ्याची आहे. बेअर यांच्या गणितातही जनावरे तापमानवाढ मंदावतात, ती थांबवीत नाहीत. कोळसा, तेल आणि वायू जाळणे चालू ठेवून त्याची भरपाई घोड्यांच्या खुरांकडून करून घेण्याचा हिशेब उद्या कंपन्या मांडतील आणि सरकारे त्यावर सही करतील. तो हिशेब खोटा आहे. उत्सर्जन घटले तरच हे कळप उपयोगी पडतील. ते घटले नाही तर त्यांच्या पायाखालची जमीनच खचेल.

चेर्स्कीजवळच्या प्रयोगाचे महत्त्व त्याच्या आकारात नाही. उद्ध्वस्त झालेली भूमी पुन्हा जिवंत करण्याचे काम जिवंत जनावरांकडून आणि साध्या श्रमांतून होऊ शकते, एवढे त्याने समोर ठेवले आहे. ते काम कुंपणाबाहेर कोण नेणार, कोणाच्या हक्काच्या जमिनीवर आणि कोणाच्या निर्णयाने, हे आता ठरावयाचे आहे. ते विज्ञानाने एकट्याने ठरविण्यासारखे नाही आणि भांडवलाच्या हाती सोडण्यासारखे तर मुळीच नाही. पर्यावरणाची चळवळ आणि पशुपालकांच्या हक्कांची चळवळ येथे एकत्र उभी राहिली, तरच कोलिमाच्या काठचे हे गवत कुंपणापलीकडे पसरेल.