छत्तीसच्या आकड्यात आरसा

वहीवर ठळक अक्षरात ३६ लिहा. तीन आणि सहा एकमेकांकडं पाठ करून बसलेले दिसतील. म्हणून तर दोघांचं जमत नसलं की त्यांचा छत्तीसचा आकडा आहे असं आपण म्हणतो. आता दोघांच्या मधोमध उभी रेघ मारा आणि तिच्यावर आरशाचा तुकडा उभा धरा, चकचकीत बाजू तीनकडं. आरशात सहा दिसेल. तुकडा फिरवून सहाकडं तोंड केलं की तीन दिसेल. शेपटीत थोडा फरक पडला तर तो आपल्या अक्षराचा दोष समजा. मग तोच कागद खिडकीच्या काचेला लावून मागच्या बाजूनं वाचा. मागूनही ३६च दिसेल. ६३ लिहून बघा, तोही मागून ६३च राहतो. ४५ मात्र राहत नाही. का राहत नाही, हे लेकराला विचारा आणि उत्तर यायला वेळ द्या.

नांदेड-लातूरकडच्या आईबापांसाठी आणि घरी अभ्यास घेणाऱ्या आजोबा, मावशी, ताई-दादांसाठी हे लिहितो आहे. आपल्याकडं लेकरू चौथी-पाचवीत गेलं की नवोदय आणि शिष्यवृत्तीची तयारी सुरू होते. नवोदयच्या प्रवेश परीक्षेत १०० पैकी ५० गुण मानसिक क्षमता चाचणीला असतात आणि तिच्यात ४० प्रश्न येतात. त्यातला एक भाग आरशातल्या प्रतिमेचा. दुसरा एक भाग कागदाची घडी घालून भोक पाडण्याचा, आणि तोही मुळात आरशाचाच, कारण घडीची रेघ म्हणजे आरसा. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीतही आरशातली आणि पाण्यातली प्रतिमा असते. म्हणजे भूमितीतलं परावर्तन आपल्या लेकरांना भूमितीच्या आधी परीक्षेत भेटतं. आणि भेटतं ते ट्रिक म्हणून: 'आरशात डावं उजवं होतं, पाण्यात वरचं खाली जातं.' लातूर पॅटर्ननं भरपूर सरावाची सवय लावली, ती चांगलीच आहे. पण आकृती डोळ्यांपुढं न आणता शंभर प्रश्न सोडवले तर पर्याय ओळखायची सवय होते, आकृती पालटताना दिसत नाही. प्रश्नात आरशाची रेघ आकृतीच्या बाजूला न काढता खाली काढली की ती ट्रिक तिथंच फसते.

माझी विनंती एवढीच आहे की ट्रिक पाठ करून घेण्याआधी आठ-दहा दिवस हे सगळं हातानं करू द्या.

सुरुवात एका प्रश्नानं करा: आरसा कुठं ठेवलाय? बाजूला असेल तर डावं-उजवं पालटतं, खाली किंवा वर असेल तर वर-खाली पालटतं. देवनागरी लिहिणाऱ्याला इथं एक सोय आहे. शिरोरेषा बघायची. आरसा बाजूला असेल तर अक्षर कितीही उलटं झालं तरी शिरोरेषा वरच राहते. खाली असेल तर ती तळाला जाते. 'नांदेड' लिहून दोन्ही तऱ्हांनी आरसा धरून दाखवा. चार पर्यायांतले एक-दोन नुसत्या शिरोरेषेवरून बाद होतात. हीसुद्धा ट्रिकच म्हणा, पण तिचं कारण लेकराला डोळ्यांनी दिसलेलं असतं.

नंतर खरा नियम येतो. आरशाच्या रेघेपासून आकृतीचा प्रत्येक बिंदू जितका लांब, तितकाच लांब त्याचा जोडीदार पलीकडं असतो, आणि दोघांना जोडणारी रेघ आरशाच्या रेघेला काटकोनात कापते. कागदाची घडी घाला, एका बाजूला त्रिकोण काढा, तिन्ही कोपऱ्यांवर टाचणी टोचून दोन्ही पदर भेदा, घडी उघडा आणि भोकं जोडा. पट्टी लावून अंतरं मोजायला सांगा. गुण्या ठेवून काटकोन बघायला सांगा.

उभी-आडवी रेघ बहुतेक लेकरांना जमते, घोटाळा तिरप्या रेघेला होतो. रेघ तिरपी असली तरी लेकरं सवयीनं चौकटी आडव्याच मोजतात आणि प्रतिमा भलतीकडं जाते. तिथं रागावू नका. वही फिरवून ती तिरपी रेघ डोळ्यांपुढं उभी करायला सांगा. रेघ उभी दिसली की काटकोन आपोआप सापडतो. दहापैकी आठ चुका याच जागी होतात असा माझा अंदाज आहे, म्हणून इथं घाई करू नका.

सरकवणं, म्हणजे पुस्तकी भाषेत स्थानांतरण, सोपं वाटतं. आकृती न वळवता, न पालटता नुसती हलवायची. सगळे बिंदू एकाच दिशेला, सारख्याच अंतरानं. तरी एक चूक फार होते. तीन चौकटी रुंद त्रिकोण 'पाच चौकटी उजवीकडं सरकव' म्हटलं की लेकरू दोन आकृत्यांच्या मधे पाच चौकटी रिकाम्या सोडतं. त्रिकोण प्रत्यक्षात आठ चौकटी गेलेला असतो. मोजायचं ते कोपऱ्यापासून त्याच कोपऱ्यापर्यंत, मधली मोकळी जागा नव्हे. दोन कोपरे मोजून दोन्ही अंतरं सारखी आली का, एवढं बघितलं तरी चूक पकडता येते.

पालटणं आणि सरकवणं यांतला फरक पुठ्ठ्यानं कळतो. तीन, चार आणि पाच सेंटिमीटर बाजूंचा काटकोन त्रिकोण कापा. कागदावर त्याच्याभोवती पेन्सिल फिरवा, शेजारी त्याची आरशातली प्रतिमा काढा. आता पुठ्ठा टेबलावरून न उचलता, हवा तितका सरकवून-फिरवून त्या प्रतिमेवर बसवायला सांगा. बसणार नाही. उचलून पालथा घातला की लगेच बसेल. बाजू त्याच, कोन तेच, दोन्ही आकृत्या एकरूप. तरी एक दुसरीवर बसायला ती पालटावी लागते. डाव्या-उजव्या चपलेचं असंच आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांत या गणिताचा एक देखणा नमुना तयार होतो. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज बनतो आणि त्यासाठीची खादी उदगीरच्या केंद्रात विणली जाते. तिरंग्याचं चित्र लेकरापुढं ठेवा. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२, मधे २४ आऱ्यांचं अशोकचक्र, दोन आऱ्यांमधला कोन १५ अंश. विचारा, आरशाची रेघ कुठं ठेवली तर ध्वज जसाच्या तसा दिसेल? मधोमध उभी ठेवली तर डावी बाजू उजव्या बाजूवर तंतोतंत बसते. आडवी ठेवली तर आयत जुळतो, चक्र जुळतं, रंग जुळत नाहीत. केशरीच्या जागी हिरवा येतो. म्हणजे नुसत्या आयताला सममितीचे दोन अक्ष, तिरंग्याला एकच. नुसतं चक्र घेतलं तर मात्र २४ अक्ष निघतात: बारा समोरासमोरच्या आऱ्यांतून जाणारे, बारा दोन आऱ्यांच्या मधून. हे सांगून टाकू नका, मोजू द्या. तिरंगा समोरून आणि मागून सारखाच दिसतो तो त्या एका उभ्या अक्षामुळं. त्याच्यावर एखादं अक्षर असतं तर मागच्या माणसाला ते उलटं वाचावं लागलं असतं, दुकानाच्या काचेवर रंगवलेलं नाव आतून उलटं दिसतं तसं.

मुखेड-किनवटकडच्या लमाण तांड्यांवर कुणी ओळखीचं असेल तर जुनी फेट्या-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी, जवळून बघायला मागा. काठावर एखादी नक्षी ठरावीक अंतरानं सरकत कुठवर जाते आणि कुठं पालटते, ते बोट ठेवून शोधता येईल. त्यात आरसेही शिवलेले असतात, पण आपल्याला हवा तो आरसा शिवणाऱ्या बाईच्या डोक्यात असतो.

समोरासमोर आरसे असलेल्या सलूनमध्ये लेकराला घेऊन गेलात तर मनगटी घड्याळ डाव्या हाताला बांधून बसवा. समोरच्या पहिल्या प्रतिमेच्या घड्याळाचा हात तिच्या परीनं उजवा असतो. तिच्यामागं पाठमोरी दिसणारी प्रतिमा दोन्ही आरशांतून आलेली. तिचं घड्याळ पुन्हा डाव्या हातात आणि तोंड लेकराच्याच दिशेला. समांतर रेघांत दोनदा पालटलं की सरकणं होतं, आणि सरकण्याचं अंतर आरशांमधल्या अंतराच्या दुप्पट. दोन मीटरवर आरसे असतील तर चार मीटर. नववी-दहावीच्या पोरांनाही हे आवडतं.

नववीत निर्देशक भूमिती आली की हेच सगळं आकड्यांत येतं. (३, २) हा बिंदू पाच घरं उजवीकडं आणि दोन घरं खाली सरकला की (८, ०) होतो. वाय-अक्षात पालटला की (-३, २), एक्स-अक्षात पालटला की (३, -२). कुठल्या अक्षात कुठलं चिन्ह बदलतं हे पोरं उलटसुलट पाठ करतात. पाठ करून घेऊ नका, आलेखाच्या कागदाची त्या अक्षावर घडी घालून उजेडात धरायला सांगा.

या सगळ्याला आलेख वही, पुठ्ठा, टाचणी आणि आरशाचा एक तुकडा पुरतो. शिकवणी लावणार असाल तर फी ठरवण्याआधी सरांना विचारा, आरशाची प्रकरणं फळ्यावर शिकवता की कागद-आरसा हातात देऊन? आणि शाळेतल्या गुरुजी-बाईंना विनंती, वर्गात चारजणांत एक तरी तुकडा द्या. फुटक्या आरशाचा असला तरी चालेल, फक्त कडांना जाड चिकटपट्टी लावून द्या.