पावसाच्या खात्यावर धुळीची नोंद

२०२२ सालच्या जानेवारीतील २३ तारखेचा रविवार अनेक वाचकांच्या स्मरणात असेल. मुंबई-पुण्याच्या परिसरात त्या दिवशी आकाश दुधाळ झाले होते आणि दारातील वाहनांवर पिठासारखी पांढुरकी भुकटी साचली होती. पाकिस्तानात उठलेले धुळीचे वादळ अरबी समुद्रावरून थेट आपल्या अंगणात उतरले होते. धुळीला ना जकात लागते, ना ई-वे बिल!

तो हिवाळा होता, म्हणून मोटार पुसून आपण विषय संपविला. परंतु जून ते सप्टेंबर या काळात हवेत तरंगणारी धूळ व धूर पावसाचे काय करतात, हा प्रश्न व्यापारी माणसाने विचारावा असाच आहे. देशाच्या वार्षिक पावसापैकी सुमारे तीन-चतुर्थांश पाऊस याच चार महिन्यांत पडतो. बँकेत कर्जविभाग सांभाळताना मी ताळेबंदाइतकाच आभाळाकडे पाहत असे. पावसाने ओढ दिली की आधी पीककर्जे थकीत होत आणि पाठोपाठ कापडाच्या दुकानातील दिवाळीचा माल तसाच पडून राही.

प्रथम धुळीची जमेची बाजू पाहू. स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन एटकेन यांनी १८८० च्या सुमारास काचेच्या पात्रांत वाफ सोडून एक प्रयोग केला. साध्या हवेच्या पात्रात दाट धुके जमले, तर गाळून निर्मळ केलेल्या हवेच्या पात्रात ते जमलेच नाही. वाफेला थेंबाचे रूप घेण्यासाठी बसायला एखादा कण लागतो. अगदी स्वच्छ हवेत ढगच तयार होणार नाहीत.

मात्र कण अतोनात वाढले की घोटाळा होतो. ढगातील बाष्पाचे भांडवल तेवढेच आणि भागीदार मात्र दहापट, अशी स्थिती झाल्यावर कोणाच्याच वाट्याला पुरेसे येत नाही. थेंब फार बारीक राहतात, एकमेकांवर आदळून मोठे होत नाहीत. पावसाचा एक थेंब बनण्यास ढगातील सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही अडचण किती मोठी आहे ते कळते.

ढगाबाहेरचा परिणाम याहून व्यापक आहे. १९९९ मध्ये हिंदी महासागरावर झालेल्या ‘इंडोएक्स’ मोहिमेत प्रा. वीरभद्रन रामनाथन व नोबेल मानकरी पॉल क्रुट्झेन यांच्या नेतृत्वाखालील शास्त्रज्ञांना भारतीय उपखंडाकडून समुद्रावर पसरलेला, सुमारे तीन किलोमीटर जाडीचा धुरकट थर आढळला. कोळशाच्या धुरातील गंधकापासून बनलेले सल्फेटचे कण सूर्यप्रकाश परतवितात. काजळी तो वरच्या वर शोषून घेते. दोहोंमुळे जमिनीला ऊन कमी मिळते. जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते, हा तर मोसमी वाऱ्यांचा मूळ आधार. तोच अशाने लुळा पडतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील मोसमी पाऊस घटला, त्यामागे हे मानवनिर्मित कण हे प्रमुख कारण होते, असे २०११ मधील एका गाजलेल्या संशोधनाने दाखविले आणि संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीनेही २०२१ च्या अहवालात तोच निष्कर्ष दिला.

आता गंमत पाहा. अरबस्तानच्या वाळवंटातून उडून अरबी समुद्रावर पसरणारी धूळ नेमके उलटे काम करते! ती उन्हाने तापते, भोवतीची हवा तापविते, त्यामुळे समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे जोर धरतात आणि आठवड्याभरात मध्य भारतात पाऊस वाढतो. २०१४ मध्ये डॉ. व्ही. विनोज व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मांडले. म्हणजे कण कोणता, कोठे आणि किती उंचीवर आहे, यावर नोंद जमेला जाणार की नावे पडणार, हे ठरते.

वाळवंटातील धूळ आपल्या हाती नाही. चिमणीचा धूर आहे. आणि तो हवेत साधारण आठवडाभरच टिकतो. कार्बन डायऑक्साइडचे कर्ज पिढ्यान्‌पिढ्या फिटत नाही, हे मात्र अल्पमुदतीचे खाते आहे. धूर थांबविला की हवा लवकर निवळते. सल्फेटची सावली हटल्यावर उष्मा थोडा वाढेल, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही पावसाच्या दृष्टीने हा व्यवहार मला फायद्याचाच वाटतो.

औष्णिक वीजकेंद्रांनी गंधक रोखणारी यंत्रणा बसवावी, असा नियम केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये केला होता व त्यास दोन वर्षांची मुदत दिली होती. त्यानंतर मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना या यंत्रणेतून सूटच देण्यात आली. आपल्या कोळशात गंधक कमी असते, हे त्याचे एक समर्थन. ते खोटे नाही, पण कोळसा किती जाळतो हेही पाहावे लागेल. मुदत वाढवीत वाढवीत अखेर निर्लेखित केलेली खाती मी नोकरीत पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतील थकबाकी कोणाच्या तरी अंगावर येतच असे. इथे ती कोरडवाहू शेतकऱ्याच्या, आणि त्याच्या मागोमाग तुमच्या-आमच्या दुकानाच्या वहीत उतरते.