विंडोजचं 'मेल' ॲप बंद झालं, आता जुन्या मेलचं काय?

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं नांदूरघाट असो की पुण्यातलं एखादं ऑफिस, विंडोज 10 च्या अनेक कम्प्युटरवर 'मेल' हे ॲप आधीपासूनच असायचं. मायक्रोसॉफ्टने 31 डिसेंबर 2024 ला त्याचा सपोर्ट थांबवला. त्यानंतर या ॲपमधून मेल पाठवणं आणि मिळवणं बंद झालं. त्याच्या जागी कंपनीने नवं 'आउटलुक' आणलं आहे.

मग जुने मेल गेले का? याचं उत्तर ॲपच्या नावावर नाही, तर मेल कुठे साठवले आहेत यावर अवलंबून आहे.

मेल नेमके असतात कुठे?

मेल मिळवण्याच्या दोन पद्धती आहेत. 'आयमॅप' पद्धतीत मेल कंपनीच्या सर्व्हरवरच राहतो आणि ॲप फक्त तो दाखवतं. ॲप बदललं तरी मेल जागेवरच असतो. 'पॉप' पद्धतीत मेल कम्प्युटरवर उतरतो आणि सेटिंगनुसार सर्व्हरवरून पुसलाही जातो. अशा वेळी त्याची एकमेव प्रत त्या कम्प्युटरच्या हार्डडिस्कवर असते. विंडोज एक्सपीच्या काळातल्या 'आउटलुक एक्सप्रेस'मध्ये 'पॉप' सर्रास वापरलं जायचं. म्हणून जुना कम्प्युटर भंगारात देण्याआधी किंवा फॉरमॅट करण्याआधी तपासणं गरजेचं आहे.

जुनं ॲप पासवर्ड का नाकारतं?

पासवर्ड बरोबर असूनही जीमेल उघडत नाही, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. 30 मे 2022 पासून गुगलने फक्त नाव आणि पासवर्ड मागणाऱ्या ॲपना वैयक्तिक खात्यात शिरकाव देणं बंद करायला सुरुवात केली. नवी ॲप थेट गुगलच्या पानावर लॉगिन करायला लावतात, त्यामुळे पासवर्ड ॲपच्या हाती लागत नाही. जुन्या ॲपना ही पद्धत येत नाही.

गावात खरी अडचण इथेच येते. ऑनलाइन फॉर्म भरताना अनेकांचा ईमेल आयडी दुकानदार किंवा नातेवाईक काढून देतो आणि मोबाईल नंबरही त्याचाच टाकतो. मग नव्या ॲपमध्ये लॉगिन करताना ओटीपी दुसऱ्याच्याच फोनवर जातो. परीक्षेचं हॉल तिकीट किंवा बँकेचा निरोप त्याच आयडीवर येणार असेल, तर नुकसान मोठं होऊ शकतं.

आता काय करावं?

आधी ब्राउझरमध्ये खातं उघडून पाहा. जुने मेल तिथे दिसले, तर ते सर्व्हरवर आहेत. दिसले नाहीत, तर जुन्या ॲपमधले मेल पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या आणि मगच ॲप काढा. खात्याला स्वतःचा नंबर जोडा आणि पासवर्ड बदला.

नव्या आउटलुकमध्ये जीमेलसारखं दुसऱ्या कंपनीचं खातं जोडलं, तर मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही जाते. ते नको असेल, तर मोझिलाचं 'थंडरबर्ड' हा मोफत पर्याय आहे. तोही नको असेल, तर ब्राउझर पुरेसा आहे.

विंडोज 10 चा सर्वसाधारण सपोर्टही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्यामुळे कम्प्युटर बदलणाऱ्यांची संख्या वाढणार आहे. ॲप नवं मिळेल, पण एकदा पुसला गेलेला मेल पुन्हा मिळेलच असं नाही.