कॅमेऱ्याची किल्ली घरात राहणाऱ्याच्या हाती द्या

प्रति,
घरगुती कॅमेरे बनवणाऱ्या कंपन्या. ते विकणारे व बसवणारे व्यावसायिक. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्या. केंद्र सरकारचे इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय. आणि आमची मुले, मुली, सुना व जावई

विषय : घरातील नेटवर्क कॅमेरे, त्यांचे रेकॉर्डिंग आणि ते दुरून पाहण्याची सोय याबाबत ज्येष्ठ नागरिक संघाच्या मागण्या



आम्ही पुण्याच्या एका उपनगरातील ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासद. आमच्यापैकी बहुतेकांची मुले बंगळुरूला, डब्लिनला, न्यू जर्सीला. घरात दोघेच, काही घरांत एकटेच कोणी. गेल्या काही वर्षांत आमच्या दारांवर, जिन्यांत, गॅलरीत आणि काही घरांत थेट बैठकीच्या खोलीत कॅमेरे आले. ते हवेच होते. बेल वाजली की उठण्याआधी कोण आले आहे ते मोबाइलवर दिसते, याचे मोल दुखऱ्या गुडघ्यांना विचारावे. आमची तक्रार आहे ती हे कॅमेरे ज्या रीतीने बसवले जातात त्याबद्दल, आणि बसवल्यानंतर त्यांची किल्ली कोणाकडे राहते त्याबद्दल.

आमच्या एका सभासद ताईंच्या बंगल्यात पहाटे चोरी झाली. चार कॅमेरे, एक रेकॉर्डर, सगळे जागच्या जागी होते. पोलिसांनी फुटेज मागितले, तर पासवर्ड ताईंना कोणी कधी सांगितलाच नव्हता. तो बसवणाऱ्याच्या वहीत होता, आणि बसवणारा दुकान बंद करून गावी गेला होता. तीन दिवसांनी त्याचा फोन लागला, रेकॉर्डर उघडला, तेव्हा कळले की हार्ड डिस्क कित्येक महिन्यांपूर्वीच बंद पडली होती. टीव्हीवर चित्र दिसत होते, म्हणून रेकॉर्डिंगही होत असणार असे सगळे धरून चालले होते.

सुतार दाराला कुलूप बसवतो आणि निघताना सगळ्या किल्ल्या मालकाच्या हातावर ठेवतो. एखादी किल्ली त्याने स्वतःच्या खिशात घातली तर आपण त्याला फाटकाबाहेर जाऊ देणार नाही. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र हेच रोज होते आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. बसवणारा स्वतःच्या मोबाइल नंबरावर खाते उघडतो, सगळ्या गिऱ्हाइकांना एकच सोपा पासवर्ड देतो, आणि काका, काही अडचण आली तर फोन करा म्हणून निघून जातो. माणूस बहुधा प्रामाणिकच असतो. पण त्याच्या मोबाइलमध्ये पन्नास घरांच्या बैठका उघड्या असतात, आणि तो मोबाइल हरवूही शकतो.

कारखान्यातला पासवर्ड न बदलण्याने काय होते ते जगाने 2016 साली पाहिले. ‘मिराई’ नावाचा प्रोग्राम इंटरनेटवर उघडे पडलेले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर शोधत फिरे आणि कारखान्यातून येणारी साठेक ठरावीक नावे-पासवर्ड त्यांच्यावर चालवून पाहत असे. एवढ्यावर लाखो यंत्रे त्याच्या ताब्यात गेली. त्या यंत्रांच्या फौजेने 21 ऑक्टोबर 2016 रोजी संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला केला, आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अडखळल्या. ज्यांच्या दारावरचे कॅमेरे या कामाला जुंपले गेले, त्या घरांना त्याचा पत्ताही नव्हता.

म्हणून आमची पहिली मागणी : मुख्य खाते घरात राहणाऱ्याच्या मोबाइल नंबरावरच उघडावे. पासवर्ड त्याने स्वतः, बसवणाऱ्याने पाठ फिरवलेली असताना टाकावा. कॅमेऱ्यांचा, रेकॉर्डरचा आणि राउटरचा, तिन्ही पासवर्ड एका कागदावर लिहून तो कागद घराच्या कपाटात राहावा. बसवणाऱ्याने कामापुरते वेगळे खाते वापरावे आणि निघण्यापूर्वी आमच्यासमोर ते काढून टाकावे. यासाठी अर्धा तास जास्त लागेल. त्या अर्ध्या तासाचे पैसे आम्ही आनंदाने देऊ.

दुरून पाहण्याच्या सोयीबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. पूर्वीची रीत म्हणजे राउटरमध्ये एक खिडकी उघडायची, तिला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात, आणि मुलाने तिथून आत यायचे. पण त्या खिडकीतून मुलगा येतो तसाच कोणीही येऊन दार ठोठावू शकतो. आता अनेक इंटरनेट कंपन्या पुष्कळ घरे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे ही खिडकी उघडूनही बाहेरून आत येता येत नाही. मग क्यूआर कोड स्कॅन करून कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरमार्फत चित्र जाते. ही सोय सोपी आहे, ती बंद करा असे आम्ही म्हणत नाही. पण चित्र कोणत्या देशातल्या सर्व्हरवरून जाते, वाटेत ते कुलूपबंद असते का, कंपनीच्या माणसाला ते दिसू शकते का, हे खोक्यावर मराठीत छापलेले असावे. ज्यांच्या घरी कोणी जाणकार आहे त्यांना व्हीपीएनने, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंत खासगी बोगदा काढून, पाहण्याची सोय बसवणाऱ्याने सांगावी. वायरगार्डसारखे फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी उपलब्ध आहे. कॅमेरे राउटरच्या वेगळ्या, पाहुण्यांसाठी असलेल्या नेटवर्कवर ठेवावेत, म्हणजे एखादा कॅमेरा परक्याच्या ताब्यात गेला तरी बँकेचे व्यवहार होणाऱ्या मोबाइलपर्यंत पोचणे अवघड होईल. आणि घरात न सांगता राउटरची एकही खिडकी उघडू नये.

रेकॉर्डिंगचा हिशेब कोणी देत नाही, म्हणून आम्हीच मांडला. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला साधारण 2 मेगाबिट माहिती पाठवतो असे धरू. दिवसाला 21.6 जीबी झाले. चार कॅमेऱ्यांचे तीस दिवसांचे सुमारे 2.6 टीबी. म्हणजे ज्याला एक टीबीची डिस्क देऊन महिनाभराचे रेकॉर्डिंग राहते असे सांगितले, त्याचे प्रत्यक्षात अकरा-बारा दिवसच राहते. गावाहून परत येईपर्यंत चोरीचा दिवस पुसून गेलेला असतो. किती दिवसांचे रेकॉर्डिंग राहील ते बिलावर लिहून द्यावे. डिस्क बंद पडल्यावर इशारा देण्याची सोय बहुतेक रेकॉर्डरमध्ये असते, ती चालू करूनच काम संपवावे. वीज गेली तर रेकॉर्डर इन्व्हर्टरवर चालतो, पण राउटर आणि फायबरचा डबा दुसऱ्याच प्लगवर असतो, आणि नेमके अंधारात मुलाला काही दिसत नाही. तिन्ही एकाच इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्यावेत. बाहेरचे जोड पावसाळ्याआधी तपासावेत.

फुटेज मिळाले तरी ते न्यायालयात टिकले पाहिजे. जालना विधानसभेच्या 2014 च्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाचाच प्रश्न होता. मूळ यंत्र हजर केले नसेल तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले. आता 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम 63 लागू आहे, आणि त्यासाठीच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलची हॅश, म्हणजे तिचा अंकी ठसा, लिहावा लागतो. मोबाइलवर पडद्याचे शूटिंग करून व्हॉट्सॲपवर पाठवलेला तुकडा पोलिसांना माग काढायला उपयोगी पडेल, न्यायालयात त्याच्यावर भिस्त ठेवता येणार नाही. रेकॉर्डरमधून मूळ फाइल कशी काढायची हे बसवणाऱ्याने घरातल्या दोघांना हाताला धरून शिकवावे. घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असे लावून द्यावे. आमच्या एका सभासदांच्या फुटेजवर घड्याळ चाळीस मिनिटे मागे होते, आणि तेवढ्यावरून त्यांना दोन वेळा चौकीत जाऊन खुलासा करावा लागला.

मंत्रालयाने कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या अटी सक्तीच्या केल्या, एप्रिल 2025 पासून त्या लागू झाल्या, आणि विकण्याआधी प्रयोगशाळेत तपासणी होऊ लागली, याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पण कॅमेरा आठ-दहा वर्षे भिंतीवर राहतो, तोवर त्याला सुरक्षा अपडेट मिळत राहायला हवेत. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून सगळ्या यंत्रांना एकच ओळखीचा पासवर्ड देण्यास मनाई आहे, आणि सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळतील ते कंपनीला जाहीर करावे लागते. औषधाच्या पट्टीवर मुदत असते तशी ती तारीख इथे खोक्यावर छापली जावी.

आता शेवटची मागणी, जी आमच्या मुलांकडे आहे आणि लिहिताना आम्हाला सर्वांत जड गेली.

तुम्ही काळजीपोटी कॅमेरे बसवलेत हे आम्ही जाणतो. आई न्हाणीघरात पडली आणि दुपारपर्यंत कोणाला कळले नाही, असे आपल्याच गल्लीत घडले आहे. पण बैठकीतल्या कॅमेऱ्यावर दुपारी टॉवेल टाकणारे एक काका आमच्या संघात आहेत. ते टॉवेल टाकतात आणि पाच मिनिटांत परदेशातून फोन येतो, बाबा, कॅमेरा बंद आहे का? त्यांना फक्त बनियनवर बसून पेपर वाचायचा असतो. एका आजींनी शेजारणीशी मन मोकळे करणे सोडले, कारण कॅमेरा ऐकतोही. घरात येणाऱ्या मावशींना आणि रात्री सोबतीला राहणाऱ्या आयाबाईंना कॅमेरा कुठे आहे हे अनेक घरांत सांगितलेलेच नसते, आणि तो कधीकधी त्या झोपतात त्याच खोलीत असतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितले. व्यक्तीच्या निव्वळ घरगुती वापराला 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लागू होत नाही, तेव्हा घरातला नियम घरानेच करायला हवा.

तो असा असावा. झोपायच्या खोलीत आणि न्हाणीघराच्या दारासमोर कॅमेरा नको. पडण्याच्या काळजीसाठी गळ्यात किंवा मनगटावर घालायचे बटण घ्यावे. आवाजाचे रेकॉर्डिंग बंद. घरात काम करणाऱ्या प्रत्येकीला पहिल्याच दिवशी कॅमेरे दाखवून सांगावे. मुख्य खाते आई-वडिलांचे, मुलांना त्यांनी वाटून दिलेले पाहण्यापुरते खाते. दुपारी दोन ते चार घरातला कॅमेरा आम्ही बंद ठेवू. आणि पाहावेसे वाटले, तर आधी फोन करा.

वरील सर्वांनी आपले उत्तर संघाच्या कार्यालयात लेखी पाठवावे. मुलांनी फोनवर सांगितले तरी चालेल.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद
ज्येष्ठ नागरिक संघ