तपासणीच्या दिवशी लेकरू घरी ठेवू नका

हृदयरोग म्हटला की आपल्याला वयस्क माणूस आठवतो. पण हजार जन्मांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. दूध ओढताना बाळ घामाघूम होते, वजन वाढत नाही, वारंवार न्यूमोनिया होतो, ओठ-नखे निळसर दिसतात. आपण म्हणतो, "लेकरू अशक्त आहे."

दुसरा आजार मागून जडतो. घसा दुखून ताप येतो, औषध अर्धवट राहते आणि दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. हा रुमॅटिक ताप ५ ते १५ वर्षांच्या मुलांत जास्त आढळतो. एका खोलीत पाच-सहा जण झोपतात तिथे घशाचे जंतू लवकर पसरतात. म्हणून हा प्रश्न आपल्या वस्तीचा आहे. वेळीच ओळखला तर ठरावीक दिवसांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन देऊन पुढचे नुकसान टाळता येते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येऊन मुले तपासते. हृदयाचा वेगळा आवाज ऐकू आला म्हणजे रोगच असतो असे नाही. टूडी इको केल्यावर नक्की कळते. शस्त्रक्रिया लागली तर ती सरकारी योजनेतून मोफत होते.

मग अडते कुठे? त्या दिवशी लेकरू आईसोबत शेतात असते. नाहीतर डॉक्टरांची चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत पडून राहते. शेलूबाजारहून वाशिमला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचे भाडे. जवळून समृद्धी महामार्ग गेला, पण मजूर आईचा वाशिमचा फेरा त्याने सोपा झाला नाही. तिला निष्काळजी म्हणून चालणार नाही. पथकाची तारीख आधी कळवावी आणि चिठ्ठी दिलेल्या सर्व मुलांना एकाच दिवशी गाडीने जिल्हा रुग्णालयात न्यावे, ही मागणी आपण ग्रामसभेत लावून धरली पाहिजे. जनतेचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते. आपण कुणाचे उपकार मागत नाही.

बाबासाहेब आणि रमाईंनी चार लेकरे गमावली. त्यांच्या दारात डॉक्टर चालत येत नव्हता. आज तो अंगणवाडीपर्यंत येतो आणि आपले लेकरू तिथे नसते, याची खंत वाटते.

विहारात रविवारी वंदनेनंतर पाच मिनिटे काढा. आशाताईंना बोलावून पुढच्या तपासणीची तारीख विचारा. कोणाच्या घरी चिठ्ठी पडून आहे ते वहीत लिहा. त्या आईसोबत वाशिमला कोण जाणार, हे तिथेच ठरवा.

जयभीम!